चांदणीचा पहिला घाणा

कॅरमचा स्ट्रायकर दातांत धरून त्याची पिढी सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही पाहिला नसता तर माझा रक्तदाब आज जागेवर असता.

दातांत धरायचा म्हणजे चावायचा नव्हे. पुढच्या दातांमध्ये लवंग धरावी तसा अलगद धरायचा, डोळे मिटायचा आणि करंगळीच्या नखानं स्ट्रायकरच्या कडेवर एकदाच टक् करायचा. मग तोंडातून काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि ज्याचा त्याला परत देत म्हणायचा, “तिसरा घाणा.” संपलं. भिंग नाही, वजनकाटा नाही, उजेडाला धरून बघणं नाही. त्याच स्ट्रायकरवर मी रविवारची अख्खी सकाळ घालवलेली असायची, वहीत दोन पानं टिपणं काढलेली असायची आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकलेलं असायचं.

क्लबात सगळे त्याला मामा म्हणायचे. मीही तोंडावर मामाच म्हणायचो, अहो-जाहो करायचो. वयानं तो माझ्यापेक्षा चांगला बारा वर्षांनी मोठा. पण मनातल्या मनात मी त्याला कधी ‘अहो’ म्हटलं नाही, आणि आता लिहिताना खोटं कशाला बोलू? ज्याच्यावर आपण जळतो त्याला मनात मान देता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. निवृत्त होऊन जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. त्यातल्या एका खोलीवर बायकोनं केव्हाच पाणी सोडलंय, कारण तिथं माझे स्ट्रायकर आहेत. साधे स्ट्रायकर नव्हेत, चांदणी. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चांदणी जमवणाऱ्यांचा. हसू नका. लोक जुनी घड्याळं जमवतात, काड्यापेट्यांची चित्रं जमवतात, त्यांना कोणी हसत नाही.

चांदणी हा आमच्या पिढीचा स्ट्रायकर. हैदराबादकडच्या एका लहानशा कारखान्यात तो निघायचा. कारखाना बंद पडून जमाना झाला. दुधी पांढरा रंग, पोटात पाच टोकांच्या चांदणीची पुसटशी सावली, कडेला गोल फिरलेली एक बारीक रेघ. आजचे स्ट्रायकर दिसायला चकचकीत असतात, पण सोंगटीला लागले की उधळतात. चांदणी लागली की सोंगटी मुकाट्यानं होलात जायची आणि चांदणी सांगितल्यासारखी जागेवर थांबायची. ज्यानं एकदा खेळून पाहिली त्याला दुसरा स्ट्रायकर हातात धरवत नाही.

तर कारखान्यानं ही चांदणी चार खेपांत काढली, दर खेपेला जरा वेगळी. आमच्यातले शिकलेले लोक त्याला बॅच म्हणायचे, लॉट म्हणायचे. मामा मात्र भज्यांच्या भाषेत ‘घाणा’ म्हणायचा. पहिला घाणा, दुसरा घाणा. मी तीन वर्षं ग्रुपवर ‘उत्पादनमालिका’ हा शब्द रुजवत होतो. मामाकडे साधा स्मार्टफोनही नव्हता, तो ग्रुपवर नव्हताच. तरी आज चेन्नईपासून इंदूरपर्यंतची माणसं बिनदिक्कत ‘घाणा’ लिहितात. माझा शब्द मी सोडून कोणी वापरला नाही.

दुसरा आणि तिसरा घाणा ओळखणं सोपं. साचा झिजला होता, त्यामुळे चांदणीचं एक टोक बोथट आहे. दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात जास्त. खरी गोम पहिल्या आणि चौथ्यात. दोन्हींत पाचही टोकं धड, कारण चौथ्याला साचा नवा केला होता. चौथा घाणा घरोघरी सापडतो, पहिला शोधून सापडत नाही. यावर मी जो तक्ता केला तो माझ्या संग्राहक आयुष्याचं सार होता: पहिला घाणा पिवळसर, जुन्या हस्तिदंतासारखा, चौथा पांढराफटक. तक्ता ग्रुपवर टाकला तेव्हा लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती.

मामानं तो तक्ता माझ्या हातातल्या फोनवर पाहिला. चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, “कादु.”

त्याच्या घरी तेलुगू. मराठी तो सोलापूरची बोलायचा, पण एखादी गोष्ट ठाम नाकारायची झाली की ‘कादु’ यायचं. ‘तसं नाही’ इतकाच त्याचा अर्थ, पण तो म्हणायचा तेव्हा दार लावून घेतल्यासारखं वाटायचं.

“पिवळेपणा घामाचा हाय, सर. हाताचा घाम आन उजेड. माल समदा पांढराच निघालता. पहिल्या घाण्यात दोन चकत्या हायत बघा. पुरी फुगली की दोन पदर असत्यात की, तसं. मधी चांदणी ठिवून चिकटवलंय. कडंची रेघ म्हंजे सांधा हाय. पुढं ओतीव माल आला, तवा रेघ नुसती शोभेला ठिवली त्यांनी.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं.

“त्यानंच की,” असं म्हणून त्यानं बोर्डावरच्या स्ट्रायकरकडे बोट दाखवलं.

आजूबाजूचे हसले. माझ्यावर हसले की त्याच्यावर, हे मला अजून कळलेलं नाही. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता एवढं आठवतं.

मामा पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. कुठला माग कुरकुरतोय, कुठला उद्या बंद पडणार, हे आधी ओळखायचं आणि नीट करायचं. पण शंभर माग एकदम धडधडत असताना कानानं काय ऐकू येणार? म्हणून हा स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरायचा आणि टोक मागाच्या सांगाड्याला लावायचा. मग त्या एका मागाचा आवाज हाडांतून सरळ डोक्यात. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. कान केव्हाच गेले होते. त्याच्याशी बोलायचं तर उजवीकडून आणि मोठ्यानं बोलावं लागे. ऐकणं सगळं दातांत उतरलं होतं.

भौतिकशास्त्राच्या माणसाला यात काही अशक्य नाही. हाडांतून आवाज जातो हे मीच मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, ट्यूनिंग फोर्क कपाळाला लावून दाखवला. तेच तर जास्त झोंबायचं. शिकवलं मी आणि येतं त्याला. मी घरी दार लावून स्ट्रायकर दातांत धरून पाहिला, एकदा नाही, महिनाभर. मला टक् ऐकू यायचं. सगळ्यांचं सारखंच टक्. बायकोनं एकदा दार उघडलं, मला पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

त्याचे दात त्याला स्वस्थ बसू द्यायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढपी यायच्या आत तो स्टीलचं ताट दाताला लावून बघायचा. हॉटेलात कपाला तडा असेल तर चहा ओतायच्या आधीच सांगायचा. क्लबात नवा बोर्ड आला, झकास, आम्ही सगळे हात फिरवून कौतुक करतोय, आणि हा गुडघ्यावर बसून बोर्डाच्या चौकटीला दात लावून बसलेला. उठून म्हणाला, “डाव्या अंगाला फळी सुटलीय आतनं.” दुकानदारानं उलटा करून खिळे काढले. सुटलेली होती.

लोक त्याला हसायचे आणि त्याच्याकडेच जायचे. हेच मला सर्वांत खुपायचं. माझ्याकडे भिंग होतं, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा होता, तक्ता होता. माझ्याकडे लोक यायचे, वजन करून घ्यायचे, “वा सर” म्हणायचे आणि मग जाता जाता मामाच्या हातात देऊन खात्री करून घ्यायचे. थुंकी लागलेली चालायची त्यांना.

बरं, त्याला स्वतःला या वस्तूंची काही किंमत? त्याच्याकडे चारही घाणे होते. चादरीच्या किनारीच्या चिंधीची एक पिशवी शिवली होती, तिच्यात सगळे एकत्र, सुपाऱ्यांसारखे. चिठ्ठी नाही, खूण नाही. कोणी बाहेरगावचा खेळाडू आला आणि म्हणाला, “मामा, हा फार सुंदर जातो हो,” तर हा सरळ देऊन टाकायचा. त्यानं असा एक दुसरा घाणा विजापूरच्या माणसाला दिला तेव्हा मी तिथंच होतो. मला जेवण गेलं नाही. “दिलात कशाला?” म्हटलं. “त्याला आवडला की,” म्हणाला.

आणि त्याच्याजवळचा पहिला घाणा, अख्ख्या ग्रुपमध्ये ज्याबद्दल कोणाला शंका नव्हती असा एकमेव, तो रोज खेळायला वापरायचा! पावडरीवर घासायचा, कडेवर आपटायचा. हळदीसारखा पिवळा झाला होता तो. मी त्याला बदल्यात तीन दुसरे आणि एक तिसरा देऊ केला. त्यानं विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, “आन मी खेळू कशानं?” खेळायचाही काही मोठा नाही. दहापैकी सहा डाव हरायचा. हरला की हसत हसत पावडर झटकायचा. मला हरल्यावर हसता येत नाही, म्हणून त्याचंही मला वाईट वाटायचं.

मग होटगीचं प्रकरण झालं. क्लबात कोणीतरी बोललं की होटगीला स्टेशनजवळ एका म्हाताऱ्याचं जुनं दुकान आहे, तिथं माळ्यावर खेळाच्या सामानाचा खोका वर्षानुवर्षं बंद पडलाय. मामा म्हणाला, “बेस्तरवारी जाऊ, सर, दोघं.” मी गुरुवारचं हो म्हटलं. आणि बुधवारी सकाळी रिक्षा करून एकटा जाऊन आलो.

खोक्यात अकरा चांदण्या होत्या. कागदात गुंडाळलेल्या, कोऱ्या, हात न लागलेल्या. मी सगळ्या उचलल्या. घरी येऊन तपासल्या: चार तिसऱ्या घाण्याच्या, सात चौथ्याच्या. पांढऱ्याफटक. पहिला एकही नाही. हिरमोड झाला, पण मामाच्या आधी पोचल्याचं समाधान काही कमी नव्हतं. गुरुवारी मी त्याला कळवलंही नाही. तो सायकलवरून गेला, आला. शुक्रवारी क्लबात भेटला. मी नजर चुकवत होतो आणि हा मला म्हणतो, “सर, त्या म्हाताऱ्याकडं काय फक्कड चहा करत्यात. तुमी पिलात का न्हाय?”

मी प्यायलो नव्हतो. आणि त्या अकरातला एकही मी त्याला कधी दाखवला नाही. दातांत तर लांबच.

आमच्या क्लबचे सेक्रेटरी ट्रान्सपोर्टवाले. सगळे त्यांना भाईजान म्हणतात. त्यांना कोणीतरी काचेचं एक कपाट दिलं. त्यांच्या मनात आलं, यात चांदणीचे चारही घाणे मांडायचे, प्रत्येकापुढं चिठ्ठी, म्हणजे येणारा-जाणारा बघेल, क्लबची शान वाढेल. मला वाटलं, आला आपला दिवस. मी चिठ्ठ्यांचा मजकूरही जुळवला. भाईजाननी सभेत उभं राहून जाहीर केलं, “मामा बोलेंगे, सर लिखेंगे. मामा सांगतील तसं सर सुवाच्य लिहून देतील. त्यांचं अक्षर लई भारी.”

म्हणजे मी कारकून. टाळ्याही वाजल्या. मामा माझ्याकडे बघून मान डोलवत होता, जणू माझाच सत्कार झालाय.

त्या दिवशी मी ठरवलं. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत याचे दात खोटे ठरले पाहिजेत.

होटगीच्या खोक्यातली एक चौथ्या घाण्याची चांदणी घेतली. पातेल्यात कडक चहा केला आणि तिला त्यात तासभर उकळली. बायकोनं विचारलं, “काय शिजवताय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “ते पातेलं आता तुमच्याच खोलीत ठेवा.” मग चांदणी पॉलिशपेपरनं हलकी घासली, कडा मारल्या, तळहाताच्या घामानं दोन दिवस मळली. हुबेहूब पहिला घाणा. माझ्या तक्त्यातल्या फोटोशेजारी ठेवली तर मीही फसलो असतो. आणि हे सगळं मी फोनवर चित्रित करून ठेवलं, पांढरी असल्यापासून पिवळी होईपर्यंत, मध्ये कुठं शंका घ्यायला जागा नको म्हणून. प्रयोग म्हटला की नोंद पाहिजे.

शनिवारी संध्याकाळी क्लब भरलेला. मी ती चांदणी बोर्डावर ठेवली आणि म्हटलं, “मामा, एक नवीन हाती लागलीय. बघता का?”

त्यानं उचलली. दातांत धरली, डोळे मिटले, टक्. एरवी तो एकदाच करायचा. या वेळी थांबला, पुन्हा टक् केलं. डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

“पहिला घाणा,” म्हणाला. मग जरा चुकचुकला. “पन ह्याला ताप आलता का हो, सर?”

लोक हसले. उकळलेलं त्याला कळलं होतं. पण मी इतका तयारीत होतो की आता थांबणं शक्यच नव्हतं. मी फोन काढला, भाईजानच्या हातात दिला. सगळे डोकी घालून बघायला लागले. पांढरी चौथ्या घाण्याची चांदणी, पातेलं, चहा, पॉलिशपेपर, माझा हात. चित्रफीत संपली. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा क्लब हसत सुटला. “मामा, चहा प्यायलात की!” “मामा, बिस्किट देऊ का?”

मामाला गोंगाटातलं काही ऐकू येत नव्हतं. भाईजाननी त्याला फोन दाखवला. त्यानं तो शेवटपर्यंत पाहिला. मग बोर्डावरची चांदणी पुन्हा उचलली, दातांत धरली आणि बराच वेळ तसाच बसला, लोक हसत असताना.

“पहिलाच हाय,” म्हणाला.

आता तर हसू आवरेना. मी, मी म्हणालो, “मामा, डोळ्यांनी बघितलंत ना? हट्ट कशाला?” अगदी वर्गात मुलाला बोलावं तसं. मग त्यानं ती चांदणी सदऱ्याच्या टोकाला नीट पुसली, दोन्ही बाजूंनी पुसली आणि माझ्या हातात दिली. “जपा,” एवढंच म्हणाला आणि पायात चपला घातल्या.

त्या आठवड्यात माझ्याइतका सुखी माणूस सोलापुरात नसेल. कपाटात माझ्या चिठ्ठ्या लागल्या, माझ्या मजकुराच्या. पहिल्या घाण्याच्या जागी मी माझ्या संग्रहातली एक छान पिवळी चांदणी मांडली, मामानं जिला चौथा घाणा म्हटलं होतं तीच. लोक आता स्ट्रायकर घेऊन माझ्याकडे यायचे आणि माझ्याकडूनच परत जायचे. ती चहाची चांदणी मी टेबलाच्या खणात टाकून दिली.

मामा यायचा बंद झाला. भाईजान दोनदा बोलवायला गेले. “येतो की” म्हणायचा, यायचा नाही. मला वाटलं होतं, तो नसला की बरं वाटेल. पण तो नसताना लोक त्याच्याबद्दल जास्त बोलायला लागले. नवा बोर्ड आला की “मामा असते तर दात लावले असते,” कप तडकला की मामा. ज्याला मी खोटं पाडलं त्याच्याविषयी सगळे असे बोलायचे की जणू तो गावाला गेलाय आणि येताना पेढे आणणार आहे. माझ्याविषयी मी समोर असतानाही कोणी असं बोललेलं नाही.

अशी दोन वर्षं गेली.

यंदाच्या मे महिन्यात उन्हानं कहर केला. माझी खोली पश्चिमेची, वर गच्ची. लाकडी टेबलाला हात लावला तर चटका बसायचा. एका दुपारी मी भिंग शोधायला खण उघडला. चहाची चांदणी तिथं नव्हती. तिच्या जागी दोन चकत्या होत्या.

मला आधी समजलंच नाही. वाटलं, बायकोनं कसली तरी बटणं टाकलीत. मग उचलल्या. दोन पातळ गोल चकत्या, पुरीचे दोन पदर वेगळे व्हावेत तशा. कडेवर जिथं रेघ होती, तिथंच सांधा सुटला होता. एका चकतीच्या पोटात वाळलेल्या डिंकाचा तपकिरी थर आणि त्या डिंकात चिकटलेली चांदणी, कापडाची. कापडाचा तुकडा कात्रीनं कापून केलेली, पाच टोकांची.

मला सगळं एकदम कळलं. होटगीच्या बंद खोक्यात राहिल्यामुळे ती पांढरी राहिली होती. पिवळेपणा घामाचा आणि उजेडाचा. मी खराखुरा पहिला घाणा हातात घेतला, त्याला चौथा म्हटलं आणि तो पहिल्यासारखा दिसावा म्हणून तासभर चहात उकळला. डिंक तेव्हाच सैल झाला असणार. बाकीचं काम उन्हानं केलं.

आणि त्या माणसानं, सगळा क्लब हसत असताना, दोनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्व भागात त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदाच गेलो, हेही सांगून टाकतो. दारातच त्याची बायको सुपात तंबाखू-पाला घेऊन विड्या वळत बसली होती. तिनं मला ओळखलं नाही, पण “या, बसा” म्हणाली आणि हात न थांबवता आत हाक मारली.

तो आतून आला. गाल आत गेले होते. तोंडात एकही दात नव्हता.

“समदे काढले,” मामी म्हणाली. “हिरड्या सुजायच्या. डॉक्टरनं कवळी दिलीय, ती घालत न्हाईत. फळीवर ठिवलीय बघा, देवासारखी.” खरंच, स्टीलच्या पेल्यात पाण्यात कवळी होती.

मला वाटलं, आता याला काहीच ऐकू येत नसणार, आणि खोक्यातल्या उरलेल्या सहा पांढऱ्या चांदण्यांत पहिला आहे की नाही, हेही आता कोणी सांगू शकणार नाही. उजवीकडून मोठ्यानं बोललो, “मामा, मी चुकलो.” आणि त्या दोन चकत्या त्याच्या हातावर ठेवल्या.

त्यानं त्या खिडकीशी नेल्या. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, सांगितलं नव्हतं का? मी तरी दुसरं काय म्हणालो असतो? पण तो त्या कापडाच्या चांदणीवर नाक टेकवून बसला होता आणि ओठ हलवत धागे मोजत होता.

“कापड हाय,” म्हणाला. आवाज बदलला होता त्याचा, बोबडा झाला होता. “मला वाटलं, पत्र्याची आसंल. कापड हाय! पॉपलिन. उभा-आडवा एकसारखा, बघा.” मग बायकोला तेलुगूत हाक मारली. ती विडी ठेवून आली, तिनंही पाहिलं. दोघं चांदणीवर वाकून काहीतरी बोलत होती, हसत होती. मग तो मला म्हणाला, “त्या कारखान्यात कोनतरी आपल्यातला माणूस व्हता, सर. इणकाम करणारा. न्हायतर कापडाची कोण घालतंय?”

मी त्याला नष्ट केलेली वस्तू दाखवायला गेलो होतो, आणि तो मला नवीन माहिती सांगत होता. अशा वेळीही माझ्या मनात काय आलं, सांगू? ही कापडाची गोष्ट आधी मला कळली होती. काल दुपारी. मी एकटा होतो, तेव्हा मला नुसता घाम फुटला. एवढा आनंद मला का नाही झाला?

“तुम्ही त्या दिवशी भांडला का नाहीत?” मी विचारलं.

“भांडलो की,” तो म्हणाला. “दोनदा सांगितलं.”

मग मी म्हटलं, “रविवारी तुम्ही क्लबात या. मी सगळ्यांसमोर सांगतो. चुकलो म्हणून सांगतो, चिठ्ठ्या फाडतो.”

त्यानं चकत्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. रेघेला रेघ बरोबर जुळली. मग माझ्याकडे बघून हसला, पोकळ तोंडानं, लहान मुलासारखा.

“सांगा की,” म्हणाला. “पन मी येऊन काय करू? तुमी सांगितलं की टाळ्या तुमालाच पडत्याल बघा.”

मला ते लागलं. इतक्या दुरून चालत आलो, पाया पडायचा तेवढा राहिलो, आणि हा असं बोलतो. म्हातारपणानं कडवटपणा आलाय, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. चकत्या त्यानं परत दिल्या, मामीनं चहा दिला. फक्कड होता. मी प्यायलो.

रविवारी क्लबात मी उभा राहिलो. काही लपवलं नाही. होटगीला आधी जाऊन आल्याचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज भरून आला, तो काही नाटकीपणानं नव्हे. शेवटी चकत्या उघडून दाखवल्या. मग भाईजान उठले, त्यांनी मला मिठी मारली. “सर, दिल लगता ऐसा बोलने को. आजकाल चूक कबूल कोण करतं हो?” आणि टाळ्या. थांबेनात. कोणीतरी ते सगळं ग्रुपवर टाकलं, आणि चेन्नईपासून इंदूरपर्यंतच्या लोकांनी पुन्हा हात जोडलेली चित्रं पाठवली, तक्त्याच्या वेळी आली होती त्याच्या दुप्पट. काचेच्या कपाटात त्या दोन चकत्या आता मधोमध मांडल्यात. चिठ्ठी भाईजाननी स्वतः छापून आणली: ‘पहिला घाणा. शोध आणि सौजन्य: सर.’ मी “अहो, मामांचं नाव” म्हणालो. “खाली बारीक अक्षरात टाकू की,” ते म्हणाले. अजून टाकायचंय.

येता-जाता मी त्या चिठ्ठीकडे बघतो. हे असंच होणार, हे त्याला त्या सकाळी कळलं होतं. आणि तेव्हा तर त्याच्या तोंडात एकही दात नव्हता.